भीती आधी येते

२०२४ च्या जुलैमध्ये एका सकाळी सातनंतर नांदेड, हिंगोली, परभणी भागात जमीन हलली. केंद्र कळमनुरी तालुक्यात, तीव्रता ४.५. माझी मावशी नांदेडला असते. ती चहाचं आधण ठेवून पातेल्यात साखर घालत होती. मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजली, देवघरातली घंटी कुणी हात न लावता किणकिणली आणि जमिनीच्या आतून घरघर ऐकू आली, असं तिनं दुपारी सांगितलं. सगळं काही सेकंदांत आटोपलं. भिंतीला साधा चरा नाही, कपाटावरची काचेची बरणीसुद्धा जागची हलली नाही. चहा गाळून प्यायलीही ती. पण रात्री नऊला पुन्हा तिचा फोन आला आणि आवाज दुपारपेक्षा वेगळा होता. “आज पहाटे तीनला मोठा येणार आहे गं. नासानं सांगितलंय म्हणे. आमची सगळी कॉलनी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ताडपत्री टाकून झोपणार आहे.”

माझ्या मावशीनं आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. ग्रहण लागलं की मुलांना मैदानात नेऊन सावल्या दाखवायची, आणि ग्रहणात पाणी पिऊ नये म्हणणाऱ्या शेजारणीसमोर मुद्दाम तांब्याभर पाणी प्यायची. म्हणून मी तिला जे तिला आधीच ठाऊक होतं तेच सांगितलं. भूकंप अमुक वाजता येणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही, तीन वाजताचं काही खरं नाही, तू घरात झोप. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, “तुला तिकडं पुण्यात बसून बोलायला काय जातंय?” आणि फोन ठेवला.

दिलासा दिला तर माणसाला बरं वाटायला हवं. तिला लागलं.

ते लागणं माझ्या डोक्यातून जाईना. घाबरलेल्या माणसाला घाबरण्याचं कारण नाही असं सांगितलं, तर त्याला राग का यावा? मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात भावना, प्रेरणा, अवबोध अशी ओळीनं प्रकरणं असतात. ती मीही वाचली होती, परीक्षेपुरती. पण या साध्या प्रश्नाशी त्यातलं काय जोडायचं हे तेव्हा सुचलं नव्हतं.

मला आठवलं ते सोलापूर, १९९३. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. गणपती विसर्जनाची मिरवणूक उशिरापर्यंत चालली होती, लेझमाचा आवाज कानात घेऊनच आम्ही झोपलो होतो. पहाटे चारच्या आत वडिलांनी मला उचलून अंगणात आणलं, ते मला धक्क्यापेक्षा जास्त आठवतं. सोलापूर किल्लारीपासून शंभर किलोमीटरच्या आतलंच. हादरा चांगलाच जाणवला होता, पण आमच्या गल्लीत पडलं काहीच नाही. उजाडल्यावर आकाशवाणीवर गावांची नावं यायला लागली तेव्हा कळलं की आपण जे झेललं ते टोक होतं, मूळ दुसरीकडे होतं. त्यानंतरच्या रात्री आम्ही गल्लीतच झोपलो. सतरंज्या, ओडोमॉसचा वास, चिमणीचा पिवळा उजेड, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरची खरखर, आणि प्रत्येक रात्रीची नवी वेळ. आज बाराला येणार. आज चारला. पुण्याच्या वेधशाळेतल्या कुणीतरी कुणाच्या तरी मेव्हण्याला सांगितलंय. वेळ टळून जायची आणि सकाळी गल्लीतलं कुणीही, एकही माणूस, म्हणायचा नाही की रात्रीची गोष्ट खोटी निघाली. दुसऱ्या रात्रीची वेळ तेवढी ठरायची.

मोठ्या माणसांना हे दिसत कसं नव्हतं, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. ते भाबडे नव्हते. गिरणीत हिशेब ठेवणारे, बँकेत शिक्के मारणारे, एस.टी.त वाहक असणारे लोक होते ते, पैशापैशाचा पुरावा मागणारे.

याचं उत्तर मला मिळालं ते पाटण्याच्या एका माणसाच्या कामातून. १५ जानेवारी १९३४ ला दुपारी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरं मोडून पडली, हजारो माणसं गेली. त्या दिवसांत जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक अगदी साधं आणि तेव्हा कुणालाही न सुचलेलं काम केलं. लोक काय बोलतायत ते त्यांनी टिपून ठेवलं. तेही अफवा ताज्या असताना, माणसं अजून घाबरलेली असताना. १९३५ मध्ये त्यांचा लेख ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यात नोंदवलेल्या अफवा वाचताना मला आमची गल्ली ऐकू येत होती. भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि आंघोळ करणारे वाळूत रुतले. पाटण्यावर वादळ येणार आहे. नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा मधुबनीकडे निघालाय. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा जबर भूकंप होणार. २६ फेब्रुवारीला प्रलय.

यातली एकही अफवा धीर देणारी नाही. बहुतेक अफवा सांगतात की अजून वाईट यायचंय. आणि ज्या लोकांत त्या फिरत होत्या, त्यांनी हादरा अनुभवला होता, पण आसपास पडझड पाहिलेली नव्हती.

जवळजवळ दोन दशकांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर नावाचा संशोधक लोकांवर एकमेकांच्या बोलण्याचा प्रभाव कसा पडतो याबद्दलचं सगळं साहित्य चाळत होता, तेव्हा त्याला प्रसादांचा हा लेख भेटला आणि तो अडखळला. तोवरची समजूत अशी की माणूस दुःखद विचार टाळतो, सुखाच्या कल्पनांकडे वळतो. मग भूकंपातून सहीसलामत सुटलेल्या माणसांनी स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचाव्यात, का पसरवाव्यात? फेस्टिंगरला जे सुचलं ते उलट्या बाजूनं होतं. या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. भीती आधीच होती. पाय थरथरत होते, छाती धडधडत होती, आणि आजूबाजूला पाहिलं तर सगळं जागच्या जागी. शरीर सांगतंय की घाबर, डोळे सांगतायत की घाबरण्यासारखं काही नाही. ही ओढाताण माणसाला सोसत नाही. भीती हुकमानं जात नाही, म्हणून मग तिला शोभेल असं कारण शोधलं जातं. पहाटे तीन. चंद्रग्रहण. प्रलय. यातूनच पुढे संज्ञानात्मक विसंवादाचा, कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा, सिद्धांत उभा राहिला. १९५७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ते विसाव्या शतकातल्या सामाजिक मानसशास्त्राच्या पायाच्या दगडांपैकी एक ठरलं. पाटण्याच्या त्या टिपणांपासून आपल्याला हे सुचलं, हे फेस्टिंगरनं स्वतः नोंदवलंय.

याला जोड देणारी एक दुसरी गोष्ट आहे आणि ती मला जास्त हलवते. १९५० मध्ये दार्जिलिंगला भूस्खलन झालं. दुर्गानंद सिन्हा या मानसशास्त्रज्ञानं तिथल्या लोकांत फिरणाऱ्या गोष्टींचा अभ्यास केला, तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लोकांनी दरड प्रत्यक्ष पाहिली होती, घरं गेलेली, माणसं गेलेली पाहिली होती. पुढे आणखी मोठं संकट येणार अशा भडक अफवा त्यांच्यात आढळल्या नाहीत. त्यांच्या भीतीला कारण शोधायची गरजच नव्हती, कारण डोळ्यांसमोर पडलेलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला वडिलांचे एक स्नेही आठवले. औसा तालुक्यातले. किल्लारीच्या त्या पहाटे त्यांच्या भावाचं अख्खं घर मातीच्या जाड भिंतींखाली गेलं होतं. महिन्याभरानं ते आमच्याकडे आले, जेवायला बसले. आईनं विचारलं, अजून धक्के बसतात का तिकडे? ते म्हणाले, बसतात. आणि आमटीत भाकरी कुस्करत राहिले. आमच्याकडे रोज नवी वेळ आणि नवा मेव्हणा असे, त्यांच्याकडे सांगायला एक शब्द होता. लहानपणी मला वाटलं होतं की ते शूर आहेत.

तर मावशीला राग का आला, ते मला फेस्टिंगरच्या बाजूनं आता समजतं. तिची भीती खरी होती, सकाळी घंटी वाजल्यापासून अंगात होती. दिवसभर तिनं ती रिकाम्या, धडधाकट घरात एकटीनं सांभाळली. रात्री कुणीतरी तिच्या भीतीला पत्ता दिला: तीन वाजता. आता तिची भीती वेडेपणाची राहिली नव्हती, ती शहाण्या माणसाची सावधगिरी झाली होती. आणि मी एका वाक्यात तो पत्ता पुसला. भीती तशीच राहिली, फक्त पुन्हा निराधार झाली. दिलासा म्हणून दिलेली गोष्ट तिच्यापर्यंत पोचताना “तू उगाच घाबरतेस” अशी होऊन पोचली.

पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. प्रत्येक माणूस आपल्याच डोक्यात ओढाताण सोसत असेल, तर सगळ्या कॉलनीला एकच वेळ कशी सुचते? आणि नासाच का? १९३४ मध्ये ज्योतिषी सांगत होते की मकर राशीत ग्रह जमलेत. १९९३ मध्ये आमच्याकडे वेधशाळा होती. आता नासा. भीतीचं कारण शोधताना माणूस हाताला येईल ते उचलत नाही, ज्याच्या शब्दाला आपल्या लोकांत वजन आहे त्याचंच तोंड त्या गोष्टीला लावतो. १९३४ मध्ये तर खुद्द गांधीजींनी भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचं शासन आहे असं म्हटलं आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. माझं मन पूर्णपणे रवींद्रनाथांच्या बाजूनं आहे. तरी वाटतं, एवढ्या मोठ्या मृत्यूला काही अर्थ असावा ही भूक किती खोल असेल, की ती त्या माणसालाही चुकली नाही.

जमुना प्रसादांना ही दुसरी बाजू दिसत होती. अफवा एका माणसाच्या चुकीच्या आठवणीतून जन्मत नाही, ती सगळ्या समूहाची असते, समूहाच्या जुन्या साठ्यातून येते, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९५० मध्ये त्यांनी आधीच्या काळातल्या, इतर ठिकाणच्या भूकंपांच्या कथाही शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्याच त्याच गोष्टी पुन्हा भेटल्या. पण या शास्त्रानं वळण घेतलं ते वेगळं. १९४७ मध्ये ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं अफवांवरचं पुस्तक आलं. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अफवांनी सरकारला हैराण केलं होतं, त्याची पार्श्वभूमी. त्यांचं सूत्र सुटसुटीत: गोष्ट जितकी महत्त्वाची आणि जितकी संदिग्ध, तितकी अफवा जोरात. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे एक जरी शून्य झालं तरी अफवा नाही. प्रयोगही सुटसुटीत: एकानं चित्र पाहायचं, दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तपशील गळत जातात, उरलेले टोकदार होतात. प्रयोगशाळेत आणता येतं म्हणून अफवा कानगोष्टींच्या खेळासारखी झाली. खोलीत आणताना बाहेर काय राहिलं? घाबरलेला समूह बाहेर राहिला. ताडपत्री बाहेर राहिली.

मावशी त्या रात्री प्लॉटवर झोपली, म्हणजे झोपली नाहीच. पावसाळी हवा, ओली जमीन, डास. ज्या शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून वर्षभर अबोला होता तिनं थर्मास आणला होता. कोपऱ्यातल्या घरात एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ, जे कधी कुणाकडे येत नाहीत, त्यांना दोन पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. किल्लारीच्या आधी वर्षभर तिकडे छोटे छोटे धक्के बसत होते आणि मग तो मोठा आला, हे मराठवाड्यात न सांगता सगळ्यांना माहीत असतं. त्या रात्री ते पुन्हा सांगितलं गेलं. कोण कुठे होतं, कोणाचं कोण गेलं. तीन वाजून गेले आणि कुणी उठलं नाही, उजाडेपर्यंत बसून राहिले. हे तिनं मला नंतर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, तीन वाजता भूकंप येईल यावर त्यांच्यातल्या निम्म्यांचा तरी विश्वास नसेल. पण घाबरलोय म्हणून तुमच्याजवळ बसायचंय, असं मोठी माणसं एकमेकांना म्हणत नाहीत. अफवेनं ते म्हणायची सोय केली. तामोत्सु शिबुतानी हा समाजशास्त्रज्ञ महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेतच छावणीत डांबला गेला होता. त्यानं पुढे १९६६ मध्ये मांडलं की अफवा म्हणजे अधिकृत बातमी मिळत नसताना लोकांनी मिळून परिस्थितीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न. काटेरी तारेच्या आत बसून ज्यानं रोज नव्या अफवा ऐकल्या, त्याला त्यात फक्त मूर्खपणा दिसला नाही, याचं मला मोल वाटतं.

अर्थ लावताना मागचा इतिहास मध्ये येतोच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण ताजं होतं. त्या अपमानाच्या बदल्यात राणीला माणसांची काळजं हवी आहेत आणि इस्पितळात नेतात ते त्यासाठीच, अशी अफवा गिरणगावात फिरली. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज आपण हसू शकतो. पण घरात घुसून आजाऱ्याला ओढून नेणारं सरकार, नेलेला माणूस बहुधा परत न येणं, आणि नेणाऱ्याची भाषाही न कळणं, हे सगळं खरं होतं. काळजाची गोष्ट तेवढी खोटी. सत्तेशी आपलं नातं काय आहे, हे त्या कामगारांनी त्यांना जमेल त्या शब्दांत अचूक सांगितलं होतं.

इथवर मी अफवेच्या बाजूनं बोलत आले. इथे मला थांबावं लागतं, कारण राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं छोटं गाव. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे निरोप आणि व्हिडिओ त्या भागात फोनवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षेसाठी हिंडणारी, एस.टी.तून उतरली. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, असं म्हणतात. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतील अशी मर्यादा घातली. जणू निरोप वेगानं गेला एवढंच बिघडलं होतं.

पोराची भीती खरी असते, मी आई आहे, मला ती समजते. फेस्टिंगर इथेही लागू पडेल: भीती आहे, कारण दिसत नाही, कारण शोधलं जातं. पण नांदेडच्या भीतीला मिळाली एक वेळ, राईनपाड्याच्या भीतीला मिळाली पाच माणसं. हा फरक मनाच्या शास्त्रातून निघत नाही. बाजारात त्या दिवशी अनोळखी व्यापारी असतील, मोटारीतून आलेले असतील, त्यांना कुणी मुलंचोर म्हटलं नाही. झोळी घेऊन हिंडणाऱ्याला म्हटलं. १८७१ पासून इंग्रजांच्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कलंक कागदावरून गेला. पण ज्याला गाव नाही, घर नाही, त्याच्यावर नजर ठेवायची ही सवय सगळ्याच भटक्यांच्या वाट्याला आली आणि राहिली. लहानपणी “झोळीवाला नेईल” असं म्हणून मलाही जेवायला लावलं आहे, आणि तसं म्हणणारी माणसं अतिशय प्रेमळ होती. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांच्या एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हातात वस्तरा होता, समोर काळा माणूस उभा होता. गोऱ्या लोकांच्या साखळीत गोष्ट पुढे जाता जाता निम्म्याहून अधिक वेळा वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणी ठरवून खोटं बोललं नव्हतं. वस्तरा कोणाच्या हातात शोभतो हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

म्हणून मला वाटतं, जमुना प्रसादांचं काम आपल्याकडे पुन्हा सुरू व्हायला हवं. धुळ्यात, नांदेडमध्ये, गडचिरोलीत मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणारी मुलं आहेत, त्यांना प्रकल्पाला विषय हवे असतात, आणि बहुतेकांना गुगलवरून आणलेल्या प्रश्नावल्या भरायला लावतात. त्याऐवजी पुढची अफवा उठेल तेव्हा वही घेऊन पारावर, स्टँडवर, दळणाच्या रांगेत जाऊन बसावं. खरं खोटं करायला नाही, तिथल्या तिथे लिहून घ्यायला. गोष्ट कोणत्या शब्दांत सांगितली. सांगणाऱ्याला स्वतःला काय जाणवलं होतं. कोणाच्या नावावर सांगितली. आणि त्याच्याही आधी एक रकाना मी आखेन: या गोष्टीत बोट कोणाकडे आहे? भूकंपाच्या अफवेत तो रकाना बहुतेक कोराच राहील, तिथे ताडपत्री आणि थर्मास पुरेल. ज्या दिवशी त्या रकान्यात एखाद्या जमातीचं, धर्माचं, झोळीचं नाव दिसेल, त्या दिवशी वही मिटून तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे, त्या वस्तीवर जायचं, रविवारचा बाजार भरायच्या आत.